दुधाची रेघ

तहसीलदार येत्या सोमवारी येणार असा निरोप आला, आणि त्या दिवसापासून ओटाराम रायक्याच्या घशाखाली बाजरीचा घास उतरेना.

निरोप तसा साधाच होता. तुमच्या ओरणाची हद्द कुठून कुठपर्यंत आहे ते चालून दाखवा. शेजारच्या गावांनी कबूल केली की तेवढी जमीन कागदावर ओरण म्हणून चढेल. उरलेली सौरऊर्जेच्या कंपनीला जाईल. कंपनीची काचेची शेतं उत्तरेकडून सरकत सरकत ओरणाच्या अंगाला येऊन भिडली होती आणि दुपारी त्यांच्याकडे डोळे वर करून बघवत नसे.

ओरण म्हणजे केराय मातेचं रान. चार कोसांचा घेर. खेजडी, जाळ, बोर ही झाडं, केर नावाच्या काटेरी झुडपाची दाट जाळी, ईशान्येच्या कडेला तळं आणि तळ्याच्या काठी मातेचा चौथरा. तिथली हिरवी काडी कुणी तोडत नाही. वाळलेली फांदी पडली तर पडल्या जागी कुजते. जनावरांनी तोंडानं ओरबाडून खावं, माणसानं हात लावायचा नाही. सलग दोन वर्षं पाऊस नव्हता, घरोघरी शेळ्या मेल्या, तरी कुणाची कुऱ्हाड ओरणात गेली नाही. आता बघा, एवढं जपलं आणि नेमकं तेच नडलं. साहेब लोक येऊन पाहत तेव्हा त्यांना तिथं काहीच दिसत नसे. तोडलेला बुंधा नाही, कुंपण नाही, विहीर नाही, नांगरट नाही. माणसाचा हात लागल्याची खूणच नाही म्हटल्यावर ते कागदाकडे बघत, आणि कागदावर चाळीस वर्षांपासून 'ओसाड' असं लिहिलेलं.

ते तसं का लिहिलं गेलं हे गावात आता एकट्या ओटारामला ठाऊक होतं. मोजणीवाला आला तेव्हा त्याचा बाप धन्नाराम ओरणाचा राखणदार होता. मोजणीवाल्यानं विचारलं की ही जमीन कुणाच्या नावावर करू. धन्नाराम म्हणाला, "आईला कुणाच्या नावावर करायचं?" मोजणीवाला हसला, लिहायचं ते लिहून मोकळा झाला आणि ताक पिऊन गेला. बापाचं ते बोलणं लोकांना इतकं आवडलं की वर्षभर जो तो तेच सांगत होता. वीस वर्षांच्या ओटारामची छातीही तेव्हा फुगली होती. आता बाप गेला, ते बोलणं ऐकलेली माणसं गेली, राखणदारी ओटारामकडे आली, आणि ती गोष्ट तो आता कुणाला सांगत नसे.

शाळेपुढच्या खेजडीखाली सभा बसली. हद्द दाखवायची रीत एकच होती आणि ती आजूबाजूची सातही गावं मानत. ओरणात चरलेल्या जनावरांचं दूध मडक्यात घ्यायचं, मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात उंटाच्या केसांची वात घालायची, आणि राखणदारानं अनवाणी, ओरण उजव्या हाताला ठेवून, उगवतीपासून सुरुवात करून घेर पुरा करायचा. दूध जिथं ठिबकेल तिथं पलीकडच्या गावचा माणूस पाय मागं घेतो. दूध जिथं संपलं तिथं रेघ संपली. शेवटची रेघ धन्नारामनं ओढली होती. तेव्हा गावात चारशे उंट होते आणि दूध उतू जात होतं.

"किती लागतं दूध?" सरपंच जबरसिंग ठाकुरानं विचारलं.

"कोसाला पाच लोटे, हुकुम. वीस तरी हवेत," ओटाराम म्हणाला. ठाकुराला सगळे हुकुमच म्हणत.

गावात उरलेल्या उंटांत सहा सांडण्या दुभत्या, शेळ्या कशाबशा चाळीस, गाई तर बोटांवर मोजण्याएवढ्या. मग जबरसिंग म्हणाला की त्यात एवढं डोकं धरून बसण्यासारखं काय आहे, तालुक्याहून पिशव्या आणू, दुधाला काय तोंड असतं. दोघेचौघे हसले. ओटाराम मात्र उठून उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती, आणि ठाकुरासमोर तर नव्हतीच.

"पिशवीचं दूध घालायचं तर मग रेघ कशाला ओढायची, हुकुम? चुन्यानंच ओढा की."

जबरसिंगचा चेहरा पडला. लोकांनी माना डोलावल्या. ओटा खरं बोलतो, म्हणाले. बापावर गेलाय, म्हणाले. जबरसिंगनं मिशीवरून हात फिरवला आणि बरं, तू म्हणशील तसं, असं म्हणून तो विषय तिथंच सोडला. पण मनातून सोडला नव्हता, हे पुढं कळलं.

उन्हात दूध टिकत नाही, म्हणजे जे जमवायचं ते त्याच पहाटे. ओटाराम तीन दिवस वस्त्या-वस्त्यांवर फिरला. पाय पोळत, डोक्याचं लाल मुंडासं घामानं भिजून पुन्हा वाळत होतं आणि त्यावर मिठाचे पांढरे डाग पडत होते. प्रत्येक दारात तो एकच गोष्ट मागत होता, सोमवारी सकाळचं दूध. चहाला ठेवू नका, लेकरांना बाजरीच्या पातळ राबडीवर भागवा, एक दिवस पिल्लांच्याही तोंडचं काढा. कुणी नाही म्हणालं नाही. पण एका म्हातारीनं कोपऱ्यातली शेळी दाखवली. शेळीच्या कासेला सुरकुत्या पडल्या होत्या. "ही काय देणार, तूच बघ," म्हणाली. तो खाली मान घालून परत फिरला.

रविवारी संध्याकाळी त्याचा मुलगा सवाराम कामावरून आला. सवा कंपनीच्या फाटकावर पहारेकरी होता, अंगावर निळा गणवेश, पायांत बूट. रोज येताना तो कंपनीच्या टँकरमधून वीस लिटरचा कॅन भरून आणी आणि त्याच पाण्यावर घर चालत होतं. गावच्या हौदात गाळ उरला होता. सवानं कॅन टेकवला आणि बापाकडे न बघता सांगितलं की तळ्याच्या अलीकडे लाल झेंड्या लावल्यात. उद्या रेघ तिथवर पोचली नाही तर परवा यंत्रं लागणार. तळं बुजवून त्यावर रस्ता नेणार आहेत.

तळं म्हणजे चौथा कोस. रेघेचं शेवटचं टोक. ओटारामनं मनाशी दुधाचा हिशेब केला. तळं गेलं तर मग ओरणात राहतं काय? सावली चावून जनावर जगत नाही.

पहाटे धापूनं, त्याच्या बायकोनं, सांडणीची धार काढली. पिल्लू दोरीला हिसके देत ओरडत होतं. कधी नव्हे ते आज त्याला एक थेंब ठेवला नव्हता. दीड लोटा. मग एकेक वस्ती येऊ लागली. कुणी लोटा आणला, कुणी पाव लोटा, कुणी वाटीच्या तळाशी चार घोट. शेळीवाली म्हातारीसुद्धा पदराखाली वाटी झाकून आली. प्रत्येक जण मडक्यात दूध ओतताना हात जोडत होता. सगळे चौथऱ्याकडे पुढं गेले तेव्हा ओटारामनं मडक्यात वाकून पाहिलं. अकरा लोटे. फार तर साडेअकरा.

अंगणात तो आणि धापू दोघंच उरले होते. उजाडायला थोडा वेळ होता. ओटाराम बराच वेळ मडक्याशी उकिडवा बसून राहिला. मग उठला आणि दाराशी ठेवलेला कॅन घेऊन आला.

धापूनं ते बघितलं. ती जवळ आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"काय करताय?"

"अकरात दोन कोस होतात. तळं चौथ्या कोसात आहे."

"आईशी ज्यानं खोटेपणा केला त्यानं ओरणात पाय ठेवायचा नाही. हे तुम्हीच लोकांना सांगत आलात."

"सांगत आलो."

"मग?"

"मग नाही ठेवायचा," ओटाराम म्हणाला.

धापूनं मनगट सोडलं. त्यानं लोट्यानं मोजून पाणी ओतलं. नऊ लोटे. दूध फिकं झालं, पण पांढरं दिसत होतं. बापानं एका शब्दानं आईला कागदाबाहेर ठेवलं होतं, आणि स्वतः स्वच्छ राहिला होता. ओटारामला बापाचा राग येत होता, आयुष्यात पहिल्यांदाच इतका. कॅनचं झाकण लावताना ते त्याच्या हातून दोनदा निसटलं. शेवटी धापूनंच ते फिरवून घट्ट केलं.

मीणासाहेब, म्हणजे तहसीलदार, माणूस वाईट नव्हता. डोक्याला ओला रुमाल बांधून तो सगळ्यांबरोबर पायी चालला. मागं पटवारी हातातल्या यंत्रात दर पन्नास पावलांना खूण करत होता. कंपनीचा एक माणूस टोपी घालून, पाण्याची बाटली काखेत धरून चालत होता आणि दर अर्ध्या तासाला विचारत होता की आणखी किती. सर्वांच्या पुढं ओटाराम. खांद्यावर मडकं, वातीतून धागा धागा ठिबकणारं दूध, आणि वाळूत पडल्या पडल्या सुकून जाणारी रेघ. तो रेघेच्या बाहेरच्या अंगानं चालत होता. रीत तशीच असल्यानं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पहिला कोस गेला. दुसऱ्या कोसाला ऊन डोक्यावर आलं. तळपाय भाजून निघत होते, मानेचा काटा ढिला झाला होता, आणि मडकं हलकं होत होतं तसतसा त्याचा जीव जड होत होता. प्रत्येक गावच्या शिवेवर तिथला म्हातारा उभा असे. तो ठिबकलेल्या दुधाला बोट लावी, बोट कपाळाला लावी, दोन पावलं मागं सरके आणि पटवाऱ्याच्या कागदावर अंगठा उठवी. पाच गावं झाली. तिसऱ्या कोसाच्या शेवटी गावातले लोक एकमेकांकडे बघून कुजबुजू लागले. दूध पुरतंय. आईची कृपा, दुसरं काय. एका बाईनं तर रडून ओटारामच्या पायांवर डोकं ठेवलं. तो मडकं सावरत, तिला न ओलांडता, तसाच उभा राहिला. त्या क्षणी जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तळ्याशी सुमारखान उभा होता. पलीकडच्या गावचा, ओटारामच्याच वयाचा, सगळा जन्म मेंढ्या आणि उंटांमागं काढलेला. तळ्यावर दोघांची जनावरं एकत्र पाणी पीत आणि दोघं काठावर बसून एकाच चिलमीचा धूर सोडत. लाल झेंड्या त्याच्या मागं फडफडत होत्या.

सुमारखान खाली वाकला. त्यानं दुधाला बोट लावलं. इतर गावांच्या म्हाताऱ्यांसारखं ते कपाळाला लावायचं, एवढंच. पण त्याच्या गावाकडे कपाळाला लावायची रीत नव्हती. त्यानं बोट जिभेवर ठेवलं.

ओटाराम त्याच्याकडे बघत राहिला. ज्यानं जन्मभर दुधाच्या चवीवरून जनावर आजारी की गाभण हे ओळखलं, त्याला पाणी कळणार नाही? सुमारखाननं बोट तोंडातून लवकर काढलं नाही. मग डोळे वर करून त्यानं ओटारामकडे पाहिलं. दोघांतलं अंतर हातभराचं होतं. मागं मीणासाहेब थांबले होते, जबरसिंग थांबला होता, कंपनीचा टोपीवाला बाटली उघडत होता.

सुमारखाननं बोट दाढीला पुसलं आणि दोन पावलं मागं सरला.

"लिहा साहेब," तो म्हणाला. "रेघ बरोबर आहे."

सहावा अंगठा उठला. सातव्या गावची शीव पलीकडे दिसत होतीच. मडक्यात शेवटची ओंजळभर धार उरली असताना सुरुवातीची जागा आली आणि घेर पुरा झाला. लोकांनी केराय मातेचा जयजयकार केला. साहेबांनी रुमाल सोडून तोंड पुसलं आणि चांगलं झालं म्हणाले, मनापासून म्हणाले. रीतीप्रमाणे आता राखणदारानं आत जाऊन चौथऱ्यावर नारळ फोडायचा होता. ओटारामनं मडकं खाली ठेवलं आणि आपल्याला भोवळ येते असं सांगून तो तिथंच बाभळीखाली बसला. नारळ जबरसिंगनं फोडला.

श्रावणात कागद आला. चार कोस, तळ्यासकट, केराय मातेचं ओरण. लाल झेंड्या कंपनीच्या माणसांनी स्वतः येऊन उपटून नेल्या. गावानं चौथऱ्यावर लापशी केली, ढोल वाजवले. ओटाराम गेला नाही. त्याआधीही दोन महिने तो आत गेला नव्हता. सकाळी सांडण्या घेऊन तो रेघेपर्यंत येई, त्यांना आत हाकी, आणि स्वतः बाहेर वाळूत बसून राही. संध्याकाळी जनावरं बाहेर आली की घरी नेई.

पहिल्यांदा लोक म्हणाले, गुडघे गेले असतील. मग म्हणाले, मानाची वाट बघत असेल. मग जबरसिंगनं एकदा चहाच्या टपरीवर सहज बोलल्यासारखं म्हटलं, "बाबांनो, माणूस देवीला तोंड कधी दाखवत नाही? काही घेतलेलं असलं तरच ना. पोरगा कंपनीत आहे त्याचा." एवढं पुरलं. पंधरा दिवसांत वस्ती-वस्तीवर झालं की ओटानं कंपनीकडून काहीतरी घेतलं. काय घेतलं, कशासाठी घेतलं, रेघ तर पुरी झाली, मग कंपनीला त्यात काय मिळालं, असला विचार कुणी करत नाही. शेळीवाली म्हातारी त्याला बघून पदर ओढून पलीकडनं जाऊ लागली. राखणदारी दुसऱ्या घराकडे गेली.

ओटारामनं चकार शब्द काढला नाही. काढता येतच नव्हता. खरं सांगितलं असतं तर गावाच्या मनात रेघच पुसली गेली असती, सात गावांचे अंगठे खोटे ठरले असते, आणि सुमारखानही त्यात आला असता. धापू एकदा म्हणाली, निदान सवाला सांगा. तो म्हणाला, एकाला सांगितलं की ते गावाचं होतं. मग तीही गप्प बसली. पण बाईच ती, हौदावर बायकांची बोलणी तिलाच ऐकावी लागत होती, आणि घरी आल्यावर ती भांडी उगाच आपटत असे.

सवाचं आणि त्याचं बोलणं जवळपास तुटलं होतं. दिवाळीच्या सुमाराला एकदा सवानं बूट काढता काढता विचारलं, "बापू, खरं सांगा. तुम्ही कुणाकडून काही घेतलं का? मला कामावरही चिडवतात."

पोटच्या पोरानं विचारावं, हे ओटारामला फार लागलं. "तुला काय वाटतं?" तो म्हणाला.

"मला काहीच कळत नाही," सवा म्हणाला आणि आत गेला.

माघात थंडी कडक पडली. थोरली सांडणी दिवस भरलेली होती. ओटाराम तिला घराजवळच ठेवणार होता, पण ती सकाळी दावं तोडून गेली आणि जुन्या सवयीनं ओरणात शिरली. दुपारी धापू ओरडत आली की केराच्या जाळीमागं सांडणी पडली आहे, तास झाला, एकच पाय बाहेर आलाय.

ओटाराम धावत निघाला. साठीचा माणूस, पण असा धावला की धापू मागं पडली. रेघेपाशी आला आणि तिथं खिळल्यासारखा थांबला. पन्नास पावलांवर, जाळीआडून, सांडणी विव्हळत होती. तो आवाज त्यानं हजारदा ऐकला होता आणि हजारदा त्याचे हात आपोआप कामाला लागले होते.

सवा नुकताच पाळीवरून सुटून येत होता. तो सायकल टाकून पळत आला.

"बापू, आत चला. मरेल ती."

"मला यायचं नाही."

"कुणी अडवलंय तुम्हाला? आत्ता कोण बघतंय?"

"कुणी नाही अडवलं." ओटारामनं जाळीकडे हात केला. "तू जा. गणवेश काढ, बाह्या वर कर. पळ."

सवानं आयुष्यात उंटाचं बाळंतपण केलं नव्हतं. तो बापाच्या तोंडाकडे बघत क्षणभर थांबला. बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात पुढं आलेले होते, बोटं हवेत काहीतरी धरल्यासारखी वाकलेली. मग सवा आत पळाला, आणि त्याच्यामागं धापू.

"तिचं डोकं उगवतीला कर," ओटाराम बाहेरून ओरडू लागला. "पायाला ओढू नकोस. आधी आत ढकल. ढकल म्हणतो ना. कळ थांबली की ढकलायचं, कळ आली की थांबायचं."

"दुसरा पाय लागत नाही, बापू."

"मानेच्या खाली बघ. गुडघा दुमडलेला असेल. खूर मुठीत झाक, नाहीतर आतून फाटेल. झाकलास?"

"झाकला."

"आता हळू. स्वतःकडे घे. हळू, सवा."

बराच वेळ गेला. कुणीतरी बघितलं असेल, कारण हळूहळू दहा-बारा माणसं जमली. ती ओटारामच्या मागं उभी राहिली. तो रेघेच्या बाहेर उभा राहून ओरडतो आहे, जनावर आत मरतंय, आणि पाऊल मात्र उचलत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. शेळीवाली म्हातारीही आली होती. ती पदर न ओढता त्याच्याकडे बघत राहिली.

मग सांडणीचं विव्हळणं थांबलं. जाळीआडून काहीच ऐकू येईना. ओटाराम मटकन खाली बसला.

आणि थोड्या वेळानं सवा बाहेर आला. उघडा, थंडीनं कुडकुडणारा, खांद्यापर्यंत रक्तानं माखलेला. तो रेघेपर्यंत आला आणि बापासमोर गुडघे टेकून बसला. मधे दोन हातांचं अंतर होतं.

"दोघीही जगल्या," तो म्हणाला. "मादी आहे."

"मान धरते का?"

"धरते. उभं राहायला बघते आहे." सवानं हात पुढं केला. "बापू, मी काही विचारत नाही. नुसते या. एकदा बघून जा."

ओटारामनं त्याच्या हाताला हात लावला नाही. मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं.

"इथून दिसतंय मला," तो म्हणाला.

मधे केराची दाट जाळी होती. तिथून काहीच दिसत नव्हतं.